सीस्टार एस५०: दीर्घिकेतला दंड दाखवण्याच्या कसोटीवर

स्मार्ट दुर्बिणींचे, म्हणजे लक्ष्य स्वतः शोधून फोटो काढणाऱ्या दुर्बिणींचे, रिव्ह्यू बहुतेक वेळा मृगातल्या तेजोमेघावर आणि देवयानी दीर्घिकेवर आटपतात. ही दोन्ही लक्ष्यं इतकी मोठी आणि तेजस्वी आहेत की त्यांच्यावर कुठलंही यंत्र पास होतं. झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस५० खरोखर किती पाण्यात आहे ते बघायचं असेल, तर तिला दंडयुक्त सर्पिल दीर्घिकांवर (बार्ड स्पायरल, ज्यांच्या मधोमध ताऱ्यांचा लांबट पट्टा, म्हणजे दंड, असतो) लावायला हवं. अशा एका दीर्घिकेत मोठ्यापासून बारीकपर्यंत सगळे तपशील उतरत्या क्रमाने मिळतात. आधी भुजा, मग भुजांच्या आतलं कडं, मग दंड, दंडातले धुळीचे पट्टे आणि सगळ्यात शेवटी गाभ्याला चिकटून असलेलं चिमुकलं कडं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर टांगलेल्या तक्त्यासारखंच हे: कुठल्या ओळीपर्यंत वाचता येतं ते बघायचं.

निकाल आधीच सांगतो. भुजा आणि दंड दिसतात, आणि ५० मिमीच्या भिंगातून ते इतके स्वच्छ दिसावेत हे कौतुकास्पद आहे. धुळीचे पट्टे एम८३ या दीर्घिकेत नक्की आणि एनजीसी १३६५ या दीर्घिकेत चांगल्या रात्री मिळतात. गाभ्याभोवतीचं कडं मिळत नाही, कितीही तास दिले तरी नाही. याचं कारण भिंगाच्या आणि सेन्सरच्या आकड्यांतच आहे.

भिंग ५० मिमी व्यासाचं, फोकल लेंथ २५० मिमी, म्हणजे एफ/५. सेन्सर सोनीचा आयएमएक्स४६२, १९२० बाय १०८० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. गणित केलं की एका पिक्सेलमध्ये आकाशाचे सुमारे २.४ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) मावतात आणि पूर्ण चौकट साधारण १.२८ बाय ०.७२ अंशांची होते. ५० मिमीच्या भिंगाची सैद्धांतिक भेदनक्षमता २.३ आर्कसेकंद आहे. सेन्सर रंगीत असल्यामुळे आणि पिक्सेल त्या मानाने मोठे असल्यामुळे हाती लागतो तो ५ आर्कसेकंदांच्या आसपासचा तपशील. हा ५चा आकडा लक्षात ठेवा. कुठल्या दीर्घिकेत काय दिसेल हे तोच ठरवतो.

आता एनजीसी १३६५. अश्मंत तारकासमूहातली ही दीर्घिका सुमारे ५.६ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. दंडयुक्त दीर्घिका म्हणजे काय हे एकाच फोटोत दाखवायचं असेल तर हिच्याइतका चांगला नमुना नाही. आकाशातला आकार ११ बाय ६ आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा ६०वा भाग), म्हणजे एस५०च्या चौकटीत लांबीला २८० पिक्सेल. त्यातला दंड साधारण ३ आर्कमिनिटांचा, म्हणजे ७५ पिक्सेल. अंतर लक्षात घेता या दंडाची खरी लांबी ५० हजार प्रकाशवर्षांच्या घरात जाते. एवढा मोठा दंड ७५ पिक्सेलांवर पसरला की त्याचा पिवळसर रंग, दोन्ही टोकांशी भुजांनी घेतलेलं काटकोनी वळण आणि त्या वळणावरची निळसर झाक या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचता येतात.

रंगांतला हा फरक नीट बघण्यासारखा आहे. दंड जुन्या, तांबूस ताऱ्यांचा असतो. हे तारे केंद्राभोवती गोल फिरत नाहीत, दंडाच्या लांबीला धरून लंबगोल कक्षांत फिरतात, आणि अशा असंख्य कक्षा एकाच दिशेला रांगेत आल्यामुळे दंड उभा राहतो. दंड अख्खा एकाच कोनीय गतीने फिरतो. त्याच्या आतल्या भागातला वायू मात्र त्याच्यापेक्षा जलद जात असतो. तो दंडाला मागून गाठतो, तिथे धक्का बसून दाबला जातो, आणि हा दाबलेला वायू व धूळ दंडाच्या पुढच्या कडेने काळ्या रेषेसारखी दिसते. दोन बाजूंना दोन रेषा, केंद्राशी किंचित वाकलेल्या. धक्क्यात वायूचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) कमी होतो आणि तो केंद्राकडे घसरत जातो. तिथे तो एका ठरावीक अंतरावर साचतो आणि त्याचं तारे जन्माला घालणारं कडं बनतं. म्हणजे या दीर्घिकांमध्ये दंड हा केंद्राकडे वायू वाहून नेणारा मार्ग असतो, आणि धुळीचे पट्टे हे त्या वाहतुकीचं दिसणारं चिन्ह. म्हणूनच पट्टे दिसले की नाही या मुद्द्यावर मी एवढा अडून बसतो.

एस५०मध्ये एनजीसी १३६५चा एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६५० प्रकाशवर्षं. पट्टा अरुंद असल्यामुळे तो जेमतेम दोन-तीन पिक्सेलांचा भरतो. दीड-दोन तासांच्या एकत्रित एक्स्पोजरमध्ये, म्हणजे अनेक छोटे फोटो (फ्रेम) एकावर एक रचून, दंड एका बाजूला किंचित चावल्यासारखा दिसतो, तोच पट्टा. वेगळी, सलग काळी रेघ बघायला चार तासांच्या पुढे जावं लागतं, आणि त्यासाठी दोन रात्रींचे फ्रेम एकत्र करावे लागतात. पुण्याहून ही दीर्घिका दक्षिणेला कमाल ३५ अंशांपर्यंतच चढते आणि २५ अंशांच्या वर जेमतेम ५ तास असते. डिसेंबरच्या मध्यात ती रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असते. लंडनहून हीच दीर्घिका क्षितिजाच्या वर जेमतेम २-३ अंश येते, त्यामुळे तिकडच्या रिव्ह्यूंमध्ये तिचा फोटो सापडणार नाही. महाराष्ट्रातल्या निरीक्षकांनी हा फायदा सोडू नये.

एम८३चं गणित याहून सोपं आहे. वासुकी आणि नरतुरंग यांच्या सीमेवरची ही दीर्घिका फक्त दीड कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि १३ बाय ११.५ आर्कमिनिटांची. चौकटीत ३२० पिक्सेल, एक पिक्सेल म्हणजे १७५ प्रकाशवर्षं. हिचा दंड एनजीसी १३६५इतका ठसठशीत नाही. वर्गीकरणात ती दंड असलेल्या आणि नसलेल्या दीर्घिकांच्या मधल्या गटात, एसएबी या खुणेखाली, येते. पण जवळ असल्यामुळे एका तासाच्या फोटोतही दंडातल्या धुळीच्या दोन्ही रेषा केंद्रापाशी वळताना दिसतात, आणि भुजांवर गुलाबी ठिपके उमटतात. हे ठिपके म्हणजे नव्याने पेटलेल्या ताऱ्यांभोवतीचा हायड्रोजन. दंडाच्या टोकाशी, भुजा जिथे सुरू होते, तिथे हे ठिपके जास्त दाट आहेत का ते पाहा: दंडाबरोबर फिरणारा आणि भुजेतून येणारा वायू तिथे गर्दी करतो. मेच्या मध्यात एम८३ रात्री साडेदहा-पावणेअकराला दक्षिणेला ४१ अंशांवर असते. एस५० घेतल्यावर पहिली दंडयुक्त दीर्घिका कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर एम८३.

एनजीसी १३०० हे बहुतेकांचं स्वप्न असतं, कारण हबल दुर्बिणीचा २००५ साली प्रसिद्ध झालेला तिचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. एस५०मध्ये ती दीडशे पिक्सेलांची आहे आणि तिच्या भुजा फिकट आहेत. दंड सरळ आणि स्पष्ट येतो, भुजा दोन तासांनंतर हळूहळू वर येतात. हबलच्या फोटोत तिच्या गाभ्यात ३३०० प्रकाशवर्षांची आणखी एक छोटी सर्पिल तबकडी दिसते. ती आपल्याकडे चार पिक्सेलांची. तिथे फक्त एक पांढरा ठिपका मिळेल आणि त्यावर समाधान मानायचं.

सिंह राशीतली एम९५ वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची. एनजीसी १३६५मध्ये भुजा थेट दंडाच्या टोकांतून निघतात. एम९५मध्ये दंडाची टोकं एका कड्याला टेकतात आणि भुजा त्या कड्यातून निघतात. हा फरक वर्गीकरणातही वेगळ्या अक्षराने नोंदवतात, आणि एस५० तो फरक दाखवू शकते, कारण कड्याचा व्यास दोन आर्कमिनिटांहून जास्त आहे. याच दीर्घिकेच्या गाभ्याभोवती तारे जन्मणारं आणखी एक छोटं कडं आहे, सुमारे १५ आर्कसेकंदांचं, म्हणजे ६ पिक्सेल. एनजीसी १०९७चं तसलंच प्रसिद्ध कडं ८ ते १० पिक्सेलांचं. कड्याला मधलं भोक दिसायचं तर निदान २० पिक्सेल लागतात. इथे यंत्र थांबतं, आणि त्यात सेटिंगचा दोष नाही. त्यासाठी लांब फोकल लेंथच घ्यावी लागते.

सप्तर्षीतली एम१०९ नवख्यांनी आधी घेऊ नये. भुजा फिकट आहेत आणि पुलस्त्य हा २.४ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) तारा पाऊण अंशाच्या आतच आहे. दीर्घिका मध्यभागी ठेवली की पुलस्त्य चौकटीच्या काठाशी येतो, चौकटीतलं आकाश हळूहळू फिरत असताना कधी आत, कधी बाहेर जातो, आणि त्याची तिरीप अख्ख्या फोटोभर पसरते. अ‍ॅपमध्ये चौकट पुलस्त्याच्या विरुद्ध बाजूला सरकवून मगच सुरुवात करा. महाश्वातली एनजीसी ७४७९ लहान आहे, शंभरेक पिक्सेलांची, पण दंड जोरकस. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरल्यावर सुरुवात करायला चांगली.

यंत्र लावण्याची पद्धत सोपी आहे, पण दीर्घिकांसाठी काही गोष्टी काटेकोर कराव्या लागतात. तिवई अ‍ॅपमधल्या लेव्हलप्रमाणे आधी समतल करा, अर्ध्या अंशाच्या आत. होकायंत्र कॅलिब्रेट करताना गाडी, लोखंडी खुर्ची, पाण्याच्या टाकीचा स्टँड यांच्यापासून दूर राहा. प्रत्येक फ्रेम साठवण्याचा पर्याय सुरू करा. तो विसरला तर यंत्रात फक्त एकत्र केलेला फोटो उरतो आणि नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही. साठवण ६४ जीबी आहे, दोन-तीन रात्रींनंतर रिकामी करत जा. रात्र गार होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून दर तासाला ऑटोफोकस पुन्हा द्या. कोकणात किंवा धरणाकाठी हिवाळ्यात दव धरतं. तिथे भिंगाचा हीटर सुरुवातीपासूनच चालू ठेवा, भिंग ओलं झाल्यावर नको. त्याने बॅटरी लवकर उतरते, तेव्हा पॉवर बँक जोडलेली असू द्या.

एलपी नावाचा फिल्टर दीर्घिकांसाठी बंद ठेवायचा. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या दोन अरुंद पट्ट्याच आत सोडतो. तेजोमेघासाठी उत्तम, पण दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावला की दंडाचा बहुतेक प्रकाश अडतो. यंत्रातला दुसरा फिल्टर अवरक्त किरण अडवतो, आणि माझी एक मागणी इथे आहे. आयएमएक्स४६२ हा सेन्सर जवळच्या अवरक्तात चांगला संवेदनशील आहे आणि जुन्या ताऱ्यांचा दंड सर्वांत ठळक दिसतो तो अवरक्तातच. दृश्य प्रकाशात साध्या वाटणाऱ्या कितीतरी दीर्घिकांमध्ये अवरक्तात दंड सापडतो. मृदू दंड धरले तर जवळपास दोन-तृतीयांश सर्पिल दीर्घिका दंडयुक्त निघतात. फक्त अवरक्त आत सोडणारा एक पर्याय फिल्टरचक्रात दिला असता, तर दीर्घिकाप्रेमींना हे यंत्र खूप पुढे नेता आलं असतं.

एक्स्पोजर १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतं. साध्या पद्धतीत १० सेकंदच ठेवा. हे यंत्र आडवं आणि उभं असं दोन अक्षांवर फिरतं, त्यामुळे आकाशाचं क्षेत्र चौकटीत हळूहळू गोल फिरतं. ही फिरण्याची गती सगळीकडे सारखी नसते. पुण्याच्या अक्षांशावरून एम९५ डोक्यावर, ८३ अंशांवर जाते. त्या क्षणी क्षेत्र मिनिटाला सुमारे २ अंश फिरतं. १० सेकंदांच्या फ्रेममध्येही चौकटीच्या कोपऱ्यातले तारे सहा-सात पिक्सेल फरफटतात, आणि अ‍ॅप फ्रेमवर फ्रेम नाकारत जातं. लोकांना वाटतं ढग आले किंवा यंत्र बिघडलं. उपाय सोपा आहे: दीर्घिका माथ्यावर जाण्याच्या तीन तास आधी सुरुवात करा. मार्चच्या मध्यात रात्री पावणेनऊला एम९५ बरोबर पूर्वेला ४६ अंशांवर असते आणि तिथे क्षेत्र तासाला एक अंशही फिरत नाही. पूर्वेकडे दोन तास घ्या, माथ्यावर येण्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास सोडा, मग पश्चिमेकडे पुन्हा दोन तास. सिंह आणि कन्येतल्या सगळ्या दीर्घिकांना हाच नियम लावा.

२०२५ मध्ये आलेल्या अपडेटनंतर हे यंत्र ध्रुवाकडे झुकवून, इक्वेटोरियल पद्धतीनेही चालवता येतं आणि क्षेत्र फिरणं थांबतं. युरोपातल्या निरीक्षकांसाठी ते सोयीचं आहे. आपल्याकडे ध्रुवतारा १८-१९ अंशांवरच असल्यामुळे यंत्र सरळ उभ्यापासून तब्बल ७१ अंश झुकवावं लागतं, म्हणजे जवळजवळ आडवंच. अडीच किलोचं वजन तिवईच्या बाहेर लटकतं. सोबत येणारी छोटी तिवई इथे चालणारच नाही. जड तिवई, घट्ट वेज (यंत्र तिरकं धरणारा आधार), आणि तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला, झुकलेल्या वजनाच्या खाली. एवढी तयारी नसेल तर साधी पद्धत आणि १० सेकंद हेच सुरक्षित.

आकाशाचा प्रश्न फिल्टरने सुटत नाही. शहराचं आकाश आणि चांगलं गडद आकाश यांत ३ प्रतींचा फरक सहज असतो, म्हणजे पार्श्वभूमी सोळा पट उजळ. गडद जागी एका तासात जे मिळतं, त्यासाठी शहरातल्या गच्चीवर सोळा तास लागतात. दंड आणि गाभ्याभोवतीचा ताऱ्यांचा गोल फुगवटा गच्चीवरूनही येतात, बाहेरच्या भुजा येत नाहीत. त्यामुळे शहरातून काढलेली दंडयुक्त दीर्घिका बहुधा नुसत्या लांबट ठिपक्यासारखी दिसते. नागपूरकडच्या मंडळींना पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. बाकीच्यांनी दक्षिण क्षितिजाकडे मोठं शहर नसलेली जागा बघावी, कारण एनजीसी १३६५ आणि एम८३ दोन्ही दक्षिणेला आहेत.

अ‍ॅपमधल्या एआय डीनॉइजबद्दल, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा पुसण्याच्या सोयीबद्दल, स्पष्ट सांगतो: दीर्घिकांवर तो वापरू नका. तो धुळीचे पट्टे पुसून दंड मेणासारखा गुळगुळीत करतो आणि दाणेदार पार्श्वभूमीतून नसलेल्या भुजा ओढून काढतो. अ‍ॅपचं आपोआप होणारं स्ट्रेचिंग, म्हणजे फिकट भाग उजळणं, हेही गाभा पांढरा जाळतं. त्यापेक्षा फ्रेम संगणकावर घेऊन सिरिल या मोफत प्रोग्रॅममध्ये एकत्र करा. सीस्टारसाठी तयार स्क्रिप्ट मिळतात. क्रम असा: कडेच्या फाटक्या पट्ट्या कापून टाकणं, पार्श्वभूमी सपाट करणं, ताऱ्यांवरून रंग जुळवणं, मग स्ट्रेच. स्ट्रेच दोन-तीन टप्प्यांत, गाभ्याची चमक राखून. पिक्सेल मोठे आणि फ्रेम मुळातच थोडे फिरलेले असल्यामुळे ड्रिझलचा (फ्रेम जास्त बारीक पिक्सेलांवर एकत्र करण्याच्या पद्धतीचा) इथे खरा फायदा होतो, पण किमान पाचशे फ्रेम असतील तरच.

फोटो तयार झाल्यावर दिसतोय तो दंडच आहे ना, हे तपासायची एक खूण आहे. दीर्घिका तिरकी असली की गोल फुगवटाही लांबट भासतो, पण तो बाहेरच्या तबकडीच्याच दिशेला लांबट असतो. आतला लांबट भाग तबकडीच्या लांबीपेक्षा वेगळ्या कोनात असेल आणि त्याच्या टोकांशी भुजा झटकन वळत असतील, तर तो दंड. वेब दुर्बिणीने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९ सर्पिल दीर्घिकांच्या संचात एनजीसी १३६५, एनजीसी १३०० आणि एम९५ तिन्ही आहेत. आपला फोटो शेजारी ठेवून दंडाचा कोन पडताळता येतो. आपली आकाशगंगाही दंडयुक्तच आहे आणि दंडाचं आपल्याकडचं टोक ढाल तारकासमूहाच्या दिशेला येतं, पण आपण तबकडीच्या आतच असल्यामुळे तो आकार या किंवा कुठल्याच दुर्बिणीच्या फोटोत थेट दिसत नाही.

धाकटी एस३० घ्यावी का, असा प्रश्न येतो. तिचं भिंग ३० मिमीचं, फोकल लेंथ १५० मिमी, एका पिक्सेलमध्ये ४ आर्कसेकंद. एनजीसी १३६५चा दंड तिच्यात ४५ पिक्सेलांवर येतो, पट्टा जातोच. दीर्घिकांची आवड असेल तर एस५०च घ्या. ८ इंची डॉब्सोनियनशी, म्हणजे हाताने फिरवून डोळ्याने बघायच्या आरशाच्या दुर्बिणीशी, तुलना करायची तर तिचा आरसा सोळा पट जास्त प्रकाश गोळा करतो आणि गडद आकाशाखाली एनजीसी १३६५चा दंड डोळ्यांनी थेट दिसतो, करड्या रंगात. रंग आणि पट्टे हवे असतील तर एस५०, डोळ्यांनी बघायचं असेल तर डॉब्सोनियन. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

भारतात घेताना आयातशुल्क आणि कर धरून एकूण किंमत, वॉरंटीत दुरुस्ती भारतात होणार की यंत्र बाहेर पाठवणार, आणि बॅटरी बदलून मिळते का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. पावसाळ्याचे चार महिने यंत्र बंद राहील. तेव्हा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा, बॅटरी निम्म्यावर ठेवून महिन्यातून एकदा तपासा, आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर आधी फर्मवेअर घरीच, वायफायवर, अपडेट करून घ्या. माळरानावर नेटवर्क नसतं.